डॉ. होमी भाभा आणि शेवटचे पाच मैल

डॉ. होमी भाभांचे नाव आपल्या सर्वांना अणुशक्तीमुळे माहीत असते. त्यांच्या मृत्यूविषयी मात्र पाठ्यपुस्तकात एकच ओळ सापडते : १९६६ साली विमान अपघातात निधन. परीक्षेत त्या ओळीला एक गुण असतो. तो मिळवून आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मीही तसाच वळलो असतो. पण त्या ओळीच्या मागे जे घडले, ते वाचल्यावर मला माझ्या बाबांचा डावा पाय आठवला. म्हणून हा लेख.

माझे घर भिलाईजवळ जामुलला आहे. आमचे मूळ गाव भंडारा जिल्ह्यातले. बाबा जामुलच्या बाजूच्या एका छोट्या कारखान्यात खलाशी आहेत. खलाशी म्हटले की कोणालाही जहाज आठवेल, पण आमच्याकडे क्रेनखाली उभे राहून माल बांधणाऱ्या आणि क्रेनवाल्याला खुणा करणाऱ्या माणसालाही खलाशीच म्हणतात. त्यांचे शब्दही जहाजावरचेच. ‘हबेस’ म्हणजे वर घे, ‘आरिया’ म्हणजे खाली सोड. मी लहान होतो तेव्हा एका नवीन मुलाने खूण करताना हे ठरलेले शब्द न वापरता नुसते दोन फूट एवढेच ओरडून सांगितले. त्याला म्हणायचे होते की लोखंडी प्लेट बाबांच्या पायापासून दोनच फुटांवर आहे, थांब. क्रेनवाल्याला वाटले, अजून दोन फूट सोडायला जागा आहे. प्लेट खाली आली आणि बाबांच्या डाव्या पायाची दोन बोटे गेली. सांगितलेला आकडा खरा होता आणि ऐकलेलाही तोच होता. तरीही अपघात झाला.

आता डॉ. भाभांकडे येतो.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर बॅरिस्टर होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी, त्यामुळे टाटांच्या घरी येणे-जाणे होते. घरात पुस्तकांचा, चित्रांचा आणि पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्यांचा मोठा संग्रह होता. कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अशा पायऱ्या चढून होमी १९२७ साली केंब्रिजला गेले.

घरच्यांची इच्छा होती की मुलाने यंत्र अभियांत्रिकी शिकावी आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे. भिलाईच्या परिसरात वाढलेल्या माझ्यासारख्या मुलाला ही इच्छा फार ओळखीची वाटते. आमच्याकडेही प्रत्येक घरात मुलाने प्लांटमध्ये लागावे असे स्वप्न असते. होमींचे मन मात्र गणित आणि भौतिकशास्त्रात होते. वडिलांनी अट घातली, की आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळव, मग गणित शिक. होमींनी वाद घालत बसण्याऐवजी १९३० साली अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवला आणि १९३२ साली गणितातही पहिला वर्ग मिळवून दाखवला. १९३५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात यावर त्यांनी जे गणित मांडले, ते आजही जगभर ‘भाभा स्कॅटरिंग’ या नावाने शिकवले जाते. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांच्या वर्षावाचे स्पष्टीकरण दिले.

१९३९ साली ते सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीचा रस्ता बंद झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या विभागात त्यांनी काम सुरू केले. विश्वकिरण उंचावर जास्त मिळतात, म्हणून त्यांनी आपली उपकरणे विमानातून वर पाठवली. युद्धामुळे त्या वेळी बंगळूरला अमेरिकी हवाई दलाची विमाने होती. त्या विमानांतून सुमारे ३०,००० फुटांपर्यंत मोजमापे घेतली गेली. ज्या माणसाच्या विज्ञानाला विमानाने उंची दिली, त्याचा शेवटही विमानातच व्हावा, हा योग वाचताना मन चरकते.

वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १९४१ मध्ये, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्धानंतर इंग्लंडला परत जाऊन सुखाने संशोधन करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून देशातच मूलभूत संशोधनाची संस्था उभारण्याची योजना मांडली. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा अजून वर्षाहून जास्त अवकाश होता. अणुशक्तीतून वीज तयार होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, हा विचार त्या पत्रात होता. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. आधी बंगळूरला आणि मग मुंबईत पेडर रोडवरच्या एका बंगल्यात तिचे काम चाले. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, अणुऊर्जा केंद्राचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. १९५५ मध्ये अणूच्या शांततामय वापरावर जिनिव्हात भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. आशिया खंडात सोव्हिएत रशियाबाहेरची ती पहिलीच अणुभट्टी होती. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राचा करारही त्यांच्याच काळात झाला.

आपल्यासारख्या सैनिकी शाळेतल्या मुलांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९६२ च्या चीन युद्धानंतर देशात इलेक्ट्रॉनिक्स किती मागे आहे हे उघड झाले. रडार, बिनतारी संच, संगणक हे सगळे देशात कसे बनवता येईल हे ठरवण्यासाठी सरकारने १९६३ मध्ये समिती नेमली. तिचे अध्यक्ष डॉ. भाभाच होते. त्याच वर्षी थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. ते अवकाश संशोधनाचे काम डॉ. विक्रम साराभाई यांनी उभे केले, पण त्यामागेही भाभांचा भक्कम पाठिंबा होता. एवढे सगळे करताना हा माणूस चित्रे काढत होता, संगीत ऐकत होता आणि इमारत बांधताना आड येणारी झाडे तोडण्याऐवजी मुळासकट हलवून दुसरीकडे लावून घेत होता. त्यांनी लग्न केले नाही.

जानेवारी १९६६ हा देशासाठी कठीण महिना होता. ११ तारखेला ताश्कंदमध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री गेले. २४ तारखेला इंदिरा गांधींचा शपथविधी होता. त्याच दिवशी सकाळी डॉ. भाभा एअर इंडियाच्या १०१ क्रमांकाच्या उड्डाणाने जिनिव्हाकडे चालले होते. तिथून त्यांना आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला जायचे होते. विमान बोइंग ७०७ जातीचे होते आणि त्याचे नाव ‘कांचनजंगा’ होते. मुंबईहून दिल्ली आणि बैरुतमार्गे ते आल्प्स पर्वतापर्यंत आले. विमानात १०६ प्रवासी आणि ११ कर्मचारी होते.

आता नीट लक्ष देऊन वाचा.

विमानात व्हीओआर नावाचे दोन रेडिओ संच होते. जमिनीवरच्या केंद्राकडून लहरी येतात आणि त्या केंद्रापासून आपण कोणत्या दिशेला आहोत हे असा एक संच सांगतो. एका संचावरून फक्त दिशेची एक रेघ मिळते. दुसरा संच दुसऱ्या केंद्रावर लावला की दुसरी रेघ मिळते, आणि दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपण असतो. नकाशावाचनाच्या तासाला आपण होकायंत्राने दोन खुणांवरून आपली जागा काढतो, तसेच हे आहे. कांचनजंगा बैरुतहून निघाले तेव्हा यातला एक संच बंद होता आणि वैमानिकाला ते माहीत होते. नुसता एक संच बंद असल्यामुळे विमान पडत नाही. पण पडताळा घेण्याचे एक साधन कमी झाले होते.

विमान १९,००० फुटांवर होते. माँ ब्लाँ हे आल्प्समधले सर्वांत उंच शिखर १५,७०० फुटांहून थोडे जास्त आहे. म्हणजे आहे त्या उंचीवर राहिले तर धोका नव्हता. वैमानिकाने आपल्या अंदाजाने जागा ठरवली आणि आपण माँ ब्लाँच्या बरोबरीला आल्याचे जिनिव्हाच्या नियंत्रकाला कळवले. नियंत्रकाला रडारवर दिसत होते की हे बरोबर नाही, विमान अजून शिखराच्या अलीकडे आहे. त्याने चूक सुधारण्यासाठी माँ ब्लाँचे अंतर पाच मैल असल्याचे सांगितले. त्याला म्हणायचे होते, अजून पाच मैल पुढे जायचे आहे. वैमानिकाने समजून घेतले, की धोक्याची रांग मागे पडली. त्याने १९,००० फूट सोडत असल्याचे कळवले आणि विमान खाली आणायला सुरुवात केली. पाच मैलांचा उल्लेख त्याच्या उत्तरात नव्हता. तुला नेमके काय कळले, असे पलीकडूनही कोणी विचारले नाही.

जेट विमानाला पाच मैल म्हणजे साधारण एक मिनिट. सकाळी आठच्या सुमारास विमान शिखराच्या थोडे खाली, सुमारे ४,७५० मीटर उंचीवर डोंगराला धडकले. ११७ पैकी एकही जण वाचला नाही. डॉ. भाभांचे वय तेव्हा ५६ वर्षे होते.

फ्रान्सच्या चौकशी आयोगाने हाच निष्कर्ष काढला : एक संच बंद, जागेचा चुकीचा अंदाज, नियंत्रकाने केलेली दुरुस्ती बरोबर पण शब्द पुरेसे नेमके नाहीत, आणि त्यामुळे झालेला गैरसमज. हा अपघात घातपात होता अशा अफवा आजही फिरतात. इतका मोठा माणूस इतक्या साध्या कारणाने गेला हे आपल्या मनाला पटत नाही, म्हणून अशा गोष्टी पसरतात असे मला वाटते. पण कट रचणारा कोणी होता असे मानले की शिकण्यासारखे काहीच उरत नाही. कारण साधे होते हे मान्य केले, तर ते पुन्हा घडू नये म्हणून आपण काही करू शकतो.

आणि ते पुन्हा पुन्हा घडत होते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान याच माँ ब्लाँवर जवळजवळ त्याच जागी आदळले होते आणि ४८ जण गेले होते. आपल्या महाराष्ट्रातही असेच झाले आहे. ७ जुलै १९६२ च्या रात्री बँकॉकहून मुंबईला येणारे अलितालिया कंपनीचे विमान पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळच्या डोंगरावर धडकले. ९४ जण दगावले. तिथेही आपण मुंबईच्या जास्त जवळ आलो आहोत असे समजून विमान वेळेआधीच खाली आणले गेले होते. या तीनही वेळा डोंगर नकाशावर होताच. विमानाचे इंजिन चांगले आहे, पंख चांगले आहेत, चालवणारा जागा आहे, आणि तरीही विमान सरळ डोंगरात जाते, असे अपघात एके काळी इतके होत की हवाई क्षेत्रात त्यांना वेगळे नावच पडले.

मग काय सुधारले? पहिली गोष्ट यंत्राची. १९७० च्या दशकात जमीन जवळ येत असल्याचा इशारा देणारे उपकरण विमानांत बसू लागले. कॅनडात जन्मलेले डॉन बेटमन हे त्याचे जनक. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत व्हर्जिनियाच्या डोंगरावर एक विमान आदळून ९२ जण गेले. तिथेही उतरण्याच्या परवानगीचा अर्थ नियंत्रकाने एक आणि वैमानिकांनी दुसरा लावला होता. त्यानंतर अमेरिकेत हे उपकरण सक्तीचे झाले. पुढे त्यात जगाचा नकाशा भरला गेला, त्यामुळे आता ते फक्त खालचे नाही तर समोरचे डोंगरही ओळखते आणि वैमानिकाला वर जायला सांगते.

दुसरी गोष्ट शब्दांची. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ लोक गेले. परवानगी मिळाली असे एका वैमानिकाला वाटले होते, ती मिळालेली नव्हती. त्यानंतर ‘टेक ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, इतर वेळी नाही, असा नियम झाला. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने धडकून ३४९ जण गेले. एक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आले होते. त्यानंतर भारतात विमानांमध्ये टक्कर टाळणारे उपकरण सक्तीचे झाले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे केले गेले.

तिसरी गोष्ट सवयीची. नियंत्रकाने उंची, दिशा किंवा परवानगी सांगितली की वैमानिकाने ती शब्दशः परत म्हणून दाखवायची आणि नियंत्रकाने ती कान देऊन ऐकायची. आपल्याला सिग्नलच्या तासाला शिकवतात, की ‘रॉजर’ म्हणजे फक्त निरोप मिळाला, आणि ‘विल्को’ म्हणजे समजले, तसे करतो. मला पूर्वी हा फरक पाठांतरापुरता वाटायचा. आता तो शब्द उच्चारताना मी क्षणभर थांबतो. इंग्रजीत पाच आणि नऊ हे आकडे रेडिओवर सारखे ऐकू येतात म्हणून नऊला ‘नायनर’ म्हणतात. बाबांच्या ‘हबेस’ आणि ‘आरिया’ यांचेही तेच. क्रेनच्या आवाजातही एकाचा दुसरा होऊ नये असे ते शब्द आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत मी हा सगळा अपघात बाबांना ओसरीवर बसून सांगितला. आमच्या घरापासून पुढे नंदिनीच्या बाजूला एक धावपट्टी आहे. लहानपणी त्या बाजूने एखादे छोटे विमान आले की मी छतावर पळायचो, आणि वैमानिक होण्याचे वेड मला तिथूनच लागले. आईला ते पसंत नाही. विमानाची बातमी आली की ती देवापुढे दिवा लावते. त्या दिवशी ती आत पोहे करत होती, पण तिचे कान बाहेर होते. बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, की पाच मैल म्हणजे पुढे की मागे, असे त्या दोघांतल्या एकानेही विचारले नाही का? मी नाही म्हणालो. बाबा बराच वेळ आपल्या पायाकडे बघत राहिले. मग म्हणाले, त्या नवीन पोराला त्यांनी कधी दोष दिला नाही, कारण ठरलेले शब्द त्याला कोणी शिकवलेच नव्हते. त्या दिवसानंतर मात्र कारखान्यात शब्द शिकल्याशिवाय कोणी क्रेनखाली उभे राहत नाही, आणि ते शिकवायचे काम बाबाच करतात. विमान अपघाताच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियमही हेच सांगतो. चौकशी शिक्षा देण्यासाठी नसते, पुन्हा तसे होऊ नये म्हणून असते.

मित्रांनो, आपल्या शाळेत आज्ञा पाळायला शिकवतात आणि ते योग्यच आहे. पण एक खोटी सवय आपल्याला नकळत लागते. सीनियरने किंवा सरांनी काही सांगितले, नीट कळले नाही, तरी आपण ताठ उभे राहून यस सर म्हणतो. पुन्हा विचारले तर हसतील, बावळट म्हणतील, ही भीती असते. नववीत असताना रात्रीच्या कवायतीत मी असेच यस सर म्हणून माझी तुकडी चुकीच्या बाजूला नेली होती. तेव्हा फक्त एक तास फुकट गेला आणि शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मिळाल्या. मोठेपणी माझ्या हाताखाली माणसे असतील, विमान असेल, आणि तेव्हा चुकीची किंमत फेऱ्यांनी भागणार नाही.

डॉ. भाभा गेल्यानंतर अणुऊर्जा आयोगाची धुरा विक्रम साराभाईंकडे गेली. जानेवारी १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले. त्यांनी उभ्या केलेल्या संस्था त्यांच्यामागेही चालू राहिल्या, कारण त्यांनी माणसे तयार केली होती. माँ ब्लाँच्या हिमनदीतून मात्र अजूनही त्या विमानाचे अवशेष वर येतात. २०१२ मध्ये गिर्यारोहकांना तिथे भारत सरकारच्या टपालाची थैली मिळाली. बर्फ हळूहळू खाली सरकतो आणि इतक्या वर्षांनी एकेक वस्तू बाहेर टाकतो.

येत्या वर्षी मी एनडीएचा अर्ज भरणार आहे. आईने अजून हो म्हटलेले नाही. पण सुट्टी संपवून मी निघालो तेव्हा तिने मला पोळीभाजीचा डबा दिला आणि स्टेशनवर पोचल्यावर फोन कर असे बजावले. मी हो म्हणून पाठ फिरवली. तिने मला परत बोलावले आणि कोणत्या स्टेशनवर पोचल्यावर, दुर्गच्या की शाळेच्या, ते माझ्याकडून वदवून घेतले. ओसरीवरचे सगळे बोलणे तिने ऐकले होते.